पोटातल्या महाधमनीत कॅल्शियमचा दगड: जोखमीच्या पेशंटसाठी बलून-स्टेंटचा मार्ग, पायरीपायरीने

सीटी स्कॅनच्या पडद्यावर हाडं पांढरीशुभ्र दिसतात. काही पेशंटांच्या स्कॅनमध्ये मणक्याच्या पुढ्यात तसाच आणखी एक पांढरा खांब उभा असतो. नातेवाईक पडद्याकडे बोट दाखवून विचारतात, "डॉक्टर, हे कुठलं हाड?" ते हाड नसतं. ती महाधमनी असते, शरीरातली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी. तिच्या भिंतीत इतकं कॅल्शियम साठलेलं असतं की ती हाडासारखी दिसू लागते.

मी रक्तवाहिन्यांचा सर्जन आहे. असे पेशंट बहुतेक सत्तरीच्या पुढचे असतात. मधुमेह, बरीच वर्षं तंबाखू किंवा विडी, एखादा जुना हार्ट अटॅक आणि थकलेली किडनी हे सगळं सोबत असतं. पोट उघडून करायची बायपास त्यांना झेपेलच याची खात्री नसते. अशांसाठी जांघेतून तार घालून, बलून आणि स्टेंटने (धातूच्या जाळीच्या नळीने) वाट मोकळी करता येते. हा लेख त्यांच्या घरच्यांसाठी आहे, आणि तालुक्याच्या गावी अशा पेशंटला सगळ्यात आधी पाहणाऱ्या फॅमिली डॉक्टरांसाठीही.

आधी थोडी ओळख

महाधमनी हृदयातून निघते, वळसा घेऊन मणक्याच्या पुढून खाली उतरते आणि साधारण बेंबीच्या पातळीवर तिच्या दोन फांद्या होतात. एक उजव्या पायाकडे जाते, एक डाव्या. किडनीच्या खाली तिची रुंदी साधारण २ सेंटिमीटर असते, म्हणजे अंगठ्याएवढी. खालच्या फांद्या ८ ते १० मिलिमीटरच्या. या भागात भिंतीतल्या चरबीच्या थराबरोबर कॅल्शियम साठत जातं आणि हळूहळू वाट अरुंद होते, कधी पूर्ण बंद होते.

काही जणांत हा दगड वर, किडनी आणि आतड्यांच्या फांद्या निघतात तिथे, प्रवाहाच्या आत खडबडीत वाढतो. १९८४ साली कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांनी त्याला 'कोरल रीफ' म्हणजे प्रवाळखडक हे नाव दिलं. दिसायला तो खरोखरच तसा असतो. या जागेचं काम फार अवघड असतं. इथे मी मुख्यतः किडनीच्या खालच्या भागाबद्दल लिहितो आहे.

दर आठवड्याला ऐकू येणारा एक प्रश्न इथेच निकालात काढतो: "दूध आणि कॅल्शियमच्या गोळ्या बंद करू का?" दूध प्यायल्याने हा दगड होत नाही. वय, तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि किडनीच्या आजारात वाढणारं फॉस्फरस यांमुळे भिंतीतल्या पेशीच हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात. गोळ्यांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांवर सोडा, विशेषतः डायलिसिस चालू असेल तर. आणि सलाइनमधून औषध सोडून 'कॅल्शियम विरघळवून' देतो म्हणणाऱ्या केलेशनच्या जाहिरातींवर पैसे घालवू नका. हा साठलेला दगड औषधाने विरघळवता येत नाही. हृदयविकार असलेल्या मधुमेही रुग्णांवरच्या २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीतही केलेशनचा फायदा दिसला नाही.

पायरी १: दुखणं नसेचं (म्हणजे रक्तवाहिनीचं) की मणक्याचं?

महाधमनीतला अडथळा पोटरीच्याही वर जाणवतो. चालताना कुल्ला आणि मांडी भरून येते, आवळल्यासारखी होते. याच वयात मणक्याची झीजही असतेच, त्यामुळे कित्येक जण वर्षभर कंबरेच्या एमआरआयच्या आणि पट्ट्याच्या मागे असतात.

फरक ओळखायला घरी एक साधी गोष्ट बघा. नसेचा त्रास असेल तर माणूस नुसता उभा राहिला तरी दोन-चार मिनिटांत पाय मोकळा होतो आणि पुन्हा साधारण तेवढंच अंतर चालता येतं. मणक्याचा असेल तर नुसतं उभं राहून भागत नाही, बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. सायकल चालवताना किंवा बाजारातली ट्रॉली ढकलताना मणक्याचा पेशंट बरा असतो, नसेचा नसतो.

फॅमिली डॉक्टरांना एक विनंती. पँट सैल करायला सांगून दोन्ही जांघांतली नाडी हाताने बघा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. जांघेतच नाडी लागत नसेल तर अडथळा वर, पोटात आहे. फ्रेंच सर्जन रने लेरीश यांनी १९४० साली मांडलेल्या तीन खुणा अजूनही तशाच लागू आहेत: चालताना कुल्ल्या-मांडीत दुखणं, जांघेत नाडी नसणं आणि पुरुषांमध्ये लैंगिक ताठरता न येणं. तिसरी खूण आजोबा मुलांसमोर कधीच सांगत नाहीत. त्यांना एकट्यात विचारा.

रात्री झोपेत पाऊल ठणकून जाग येणं, पाय पलंगाखाली लोंबता सोडल्यावर बरं वाटणं, बोटावरची जखम न भरणं, बोट काळं पडणं ही पुढची पायरी आहे. इथे महिने घालवायचे नाहीत, दिवस मोजायचे. आणि पाय एकाएकी गार, पांढरा, बधिर झाला, बोटं हलेनाशी झाली तर ती आणीबाणी समजा. साधारण सहा तासांच्या आत रक्त सुरू व्हायला हवं. अशा वेळी पाय शेकू नका, मालिश करू नका, थेट रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया होते अशा हॉस्पिटलकडे निघा.

पायरी २: तपासण्या, आणि त्या नीट करून घेणं

पहिली तपासणी स्वस्त आहे: घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब. हे गुणोत्तर १.० ते १.४ असेल तर ठीक, ०.९ किंवा कमी असेल तर अडथळा, ०.४ च्या खाली असेल तर गंभीर. मधुमेही आणि डायलिसिसवाल्यांत मात्र ही तपासणी फसवते. घोट्याची रक्तवाहिनीच दगडासारखी झालेली असल्याने पट्टा ती दाबू शकत नाही आणि आकडा खोटाच १.४ च्या वर जातो. "रिपोर्ट चांगला आला" म्हणून घरी गेलेले असे पेशंट मी काळ्या बोटासह परत आलेले पाहिले आहेत. अशा वेळी पायाच्या अंगठ्यातला दाब मोजायला सांगा. तो पाऱ्याच्या ३० मिलिमीटरच्या खाली असेल तर पाय धोक्यात आहे.

मग सीटी अँजिओग्राफी, म्हणजे शिरेतून डाय (रक्तवाहिन्या पांढऱ्या दाखवणारं औषध) देऊन केलेला सीटी स्कॅन. सगळा बेत हिच्यावर ठरतो, म्हणून दोन गोष्टी मागून घ्या. एक, डाय देण्याआधीचा साधा स्कॅनही हवा, कारण डाय आणि कॅल्शियम दोन्ही पांढरे दिसतात आणि एकमेकांत मिसळले की वाट किती शिल्लक आहे ते कळत नाही. दोन, स्कॅन छातीच्या खालच्या टोकापासून पावलापर्यंत, पातळ, म्हणजे १ मिलिमीटरच्या आसपासच्या कापांचा असावा. आणि फिल्मवर समाधान मानू नका, सीडी घ्या. फिल्मवर वीस-पंचवीस निवडक चित्रं असतात. आम्हाला हजार-दीड हजार कापांमधून वर-खाली फिरत प्रत्येक ठिकाणची रुंदी मोजायची असते.

आम्ही त्यात काय बघतो? दगड एका बाजूला आहे की बांगडीसारखा सगळीकडून. अर्ध्याहून जास्त घेर वेढलेला असला की साधा बलून तिथे हरतो: मऊ बाजू फाटते, कडक बाजू जशीच्या तशी राहते. दगडाबरोबर मऊ गुठळीही आहे का, कारण ती सुटून पायाच्या बोटांत जाऊ शकते. किडनीच्या फांद्या किती जवळ आहेत. आणि जांघेतली रक्तवाहिनी कशी आहे, विशेषतः तिची पुढची भिंत, कारण सुई तिथूनच जाणार.

पायरी ३: जोखीम मोजा, मग उद्दिष्ट ठरवा

हृदयाचा इको, ईसीजी, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी), हिमोग्लोबिन, साखर आणि धाप लागत असेल तर फुप्फुसांची तपासणी करावी. याशिवाय माणूस एकंदर किती खचला आहे हेही बघावं लागतं: खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठतो का, सहा महिन्यांत वजन किती उतरलं, स्वतःची अंघोळ स्वतः करतो का. माझ्या अनुभवात यातून बऱ्याचदा रक्ताच्या रिपोर्टइतकंच कळतं.

साठीच्या आतल्या, धडधाकट माणसासाठी पोट उघडून कृत्रिम नळीची बायपास हा आजही टिकाऊ मार्ग आहे, हे मी मोकळेपणाने सांगतो. पण त्या ऑपरेशनात महाधमनीला चिमटा लावून रक्त थांबवावं लागतं. भिंत चिनीमातीच्या कपासारखी झाली असेल तर चिमटा लागत नाही, किंवा भिंत तडकते. आधीच कमजोर हृदयाला अचानक वाढणारा दाबही सोसत नाही. म्हणून अशा पेशंटात आतून जाण्याचा मार्ग पुढे येतो. काखेतून जांघेपर्यंत कातडीखालून नळी टाकणं हा तिसरा पर्याय. पोट उघडावं लागत नाही, पण नळी लवकर बंद पडण्याची शक्यता जास्त.

चौथा पर्याय, काहीच न करण्याचा, लोक विसरतात. तीनशे मीटर चालल्यावर पाय भरून येणाऱ्या, बाकी जखम वगैरे काही नसलेल्या ७८ वर्षांच्या आजोबांना तंबाखूबंदी, कोलेस्टेरॉलवरची स्टॅटिन गोळी, ॲस्पिरिन आणि रोजचं चालणं यांनी बरंच सुख मिळतं. सिलोस्टाझॉल नावाच्या गोळीने अंतर वाढतं, मात्र हार्ट फेल्युअर असेल तर ती अजिबात द्यायची नाही. याउलट बोटावर न भरणारी जखम असलेल्या आजींना थांबण्याची चैन नाही, मग हृदय कितीही कमजोर असो.

म्हणून ओपीडीत "ब्लॉक किती टक्के?" यापेक्षा "यानंतर आई काय करू शकेल?" हे विचारा. जखम भरायची आहे, रात्रीची झोप परत मिळवायची आहे, की देवळापर्यंत चालत जायचं आहे? उत्तरावर कामाचा आवाका ठरतो. जोखमीच्या पेशंटात मी पुरेसं तेवढंच करतो. जखम भरायला एका बाजूची वाट पुरत असेल तर चित्र सुंदर दिसावं म्हणून दुसऱ्या बाजूला हात लावत नाही.

संमतीपत्रावर सही करण्याआधी आणखी तीन प्रश्न विचारा. भिंत फाटली तर कॅथलॅबमध्ये (जिथे हे तार-बलूनचं काम होतं त्या खोलीत) चीर झाकणारा आवरणवाला स्टेंट आणि महाधमनी आतून बंद करणारा बलून हाताशी आहे का? गरज पडली तर उघडं ऑपरेशन करणारा सर्जन त्याच इमारतीत आहे का? अशी कामं इथे नियमित होतात का? तीनपैकी एका प्रश्नाचं उत्तर जरी गुळमुळीत आलं, तरी दुसरं मत घ्या. त्यात कुणाचा अपमान नाही.

पायरी ४: आधीचे दोन आठवडे

तंबाखू आजपासून बंद. विडी-सिगारेट तर आहेच, पण मिश्रीसुद्धा. "मी तंबाखू खात नाही" म्हणणाऱ्या आजी सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात, आणि ती भाजलेली तंबाखूच असते.

किडनीला जपणं हे इथलं सगळ्यात मोठं काम. डायने किडनी बिघडू शकते, आणि आधीच क्रिएटिनिन वाढलेल्यांना धोका जास्त. आधी आणि नंतर शिरेतून सलाइन देणं याला आधार आहे, पण हृदयाचं पंपिंग कमजोर असेल तर प्रमाण डॉक्टरच ठरवतील, नाहीतर फुप्फुसात पाणी भरेल. किडनीसाठी म्हणून ॲसिटिलसिस्टीन दिली जाते. २०१८ च्या मोठ्या चाचणीत तिचा फायदा दिसला नाही. दुखण्यावरच्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या थांबवा. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी किडनी कमजोर असणाऱ्यांत त्या दिवशी बंद करून ४८ तासांनी क्रिएटिनिन पाहूनच पुन्हा सुरू करतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांची यादी, डोससकट, लिहून आणा. त्या मनाने बंद करू नका आणि मनाने चालूही ठेवू नका.

एक चांगली सोय अशी, की पोटाच्या खालच्या भागात डायऐवजी कार्बन डायऑक्साइड वायू सोडूनही चित्र घेता येतं. तो किडनीला इजा करत नाही आणि श्वासातून बाहेर पडतो. तुमच्या केंद्रात ती सोय आहे का, ते विचारा.

पैशांचं आधीच बोलून घ्या. दगड फोडणारा बलून आणि आवरणवाले स्टेंट महाग असतात आणि नेमके किती लागतील ते आत गेल्यावरच पक्कं होतं, म्हणून एक आकडा न मागता कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन आकडे मागा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत यातलं काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भरतीच्या आधी विचारा, नंतर नको.

पायरी ५: कॅथलॅबमध्ये काय होतं

१६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेत पोर्टलंडला चार्ल्स डॉटर यांनी पायाची रक्तवाहिनी पहिल्यांदा आतून रुंद केली, ती ८२ वर्षांच्या एका बाईंची. बोटांना गँगरीन झालं होतं आणि पाय कापायला त्यांनी ठाम नकार दिला होता. त्यांचा पाय वाचला. या उपचाराचा पहिला पेशंटच जोखमीचा होता, हे मला नेहमी महत्त्वाचं वाटतं.

आजही शक्य असेल तिथे जांघ बधिर करून, पेशंट जागा ठेवूनच काम करतो. सुई सोनोग्राफीत बघत बघत, पुढच्या भिंतीतला मऊ तुकडा शोधून टोचायची. जी नळी आत जाते तिची जाडी 'फ्रेंच'मध्ये मोजतात, ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर. जांघेतली वाहिनीच दगडाने भरलेली असेल तर तिथे छोटा छेद घेऊन ती खरवडून स्वच्छ करतात आणि मग तिथूनच वर जातात. कधी हाताच्या रक्तवाहिनीतून वरून खाली यावं लागतं, पण मग मेंदूकडे गुठळी जाण्याचा थोडा धोका पत्करावा लागतो.

हेपॅरिन देऊन रक्त पातळ केलं की तार अडथळ्यातून पार करायची. बंद वाटेत यालाच सगळ्यात जास्त वेळ जातो.

मग दगड. किडनीस्टोन बाहेरून लहरींनी फोडण्याचं तंत्र १९८० साली म्युनिकमध्ये माणसावर पहिल्यांदा वापरलं गेलं. तीच कल्पना आता बलूनच्या आत आली आहे. बलून जेमतेम ४ वातावरण दाबाने फुगवून भिंतीला टेकवायचा. आतल्या पाण्यात विजेची बारीक ठिणगी पडते आणि त्यातून दाबाची लहर सुटते, तिचा जोर क्षणभर ५० वातावरणांच्या आसपास जातो. सेकंदाला एक-दोन अशा त्या टिकटिकत राहतात. मऊ भिंतीतून त्या निघून जातात, दगडाला मात्र तडे देतात. पडद्यावर बलूनच्या मध्यभागी आवळलेली 'कंबर' दिसत असते. लहरी चालू असताना ती कंबर हळूच सुटते आणि बलून सरळ होतो. त्या क्षणी खोलीतले सगळे एक श्वास सोडतात.

दगड जागचा जात नाही. तो तडकतो, आणि भिंत पुन्हा थोडी लवचीक होते, तेवढंच हवं असतं. लहरींचे मोठे बलूनसुद्धा १२ मिलिमीटरपर्यंतचे असतात आणि महाधमनी त्याहून रुंद, म्हणून दोन बलून शेजारी शेजारी फुगवावे लागतात.

पेशंट जागा ठेवण्याचं खरं कारण इथे कळतं. बलून फुगवताना मी सतत विचारतो, "काका, पाठीत दुखतंय का?" थोडं दाबल्यासारखं वाटणं ठीक. कळ आली की थांबायचं. भिंतीच्या बाहेरच्या थराला ताण बसला की दुखतं, आणि फाटण्याआधीची ती शेवटची सूचना असते. झोपवलेला पेशंट ती देऊ शकत नाही.

त्यानंतर स्टेंट. कडक दगडाच्या जागी मी कापडासारखं आवरण असलेले, बलूनने फुगणारे स्टेंट पसंत करतो. भिंतीला बारीक चीर गेली असेल तर ते ती झाकतात आणि सुटू पाहणारे तुकडे भिंतीशी दाबून धरतात. ऑस्ट्रेलियातल्या कोबेस्ट चाचणीतही, जिचे निकाल २०११ साली आले, गुंतागुंतीच्या अडथळ्यांत हे स्टेंट साध्या स्टेंटपेक्षा जास्त टिकले. दोन फांद्यांच्या बेचक्यातच दगड असेल तर महाधमनीत एक मोठा आणि त्याच्या आत दोन फांद्यांकडे जाणारे दोन, अशी पँटसारखी रचना करतात. तिला सेरॅब म्हणतात.

स्टेंट शंभर टक्के गोल उघडलाच पाहिजे हा हट्ट जोखमीच्या पेशंटात घातक ठरतो. वर-खालच्या दाबातला फरक गेला, जांघेत नाडी आली, की मी थांबतो. उरलेल्या दोन मिलिमीटरसाठी भिंत फाडून घेण्यात अर्थ नाही.

पायरी ६: पहिले तीन दिवस

पाय सरळ ठेवून झोपणं, काही तास. जांघेत फुगवटा किंवा ओल दिसली तर लगेच नर्सला हाक मारा. पण जास्त फसवं रक्त आत, पाठीकडे साचतं, ते बाहेरून दिसत नाही. कंबरेत किंवा कुशीत नवीन दुखणं, घाम, चक्कर, बीपी उतरणं ही त्याची लक्षणं. "झोपून झोपून कंबर धरली असेल" असं घरच्यांनी परस्पर ठरवू नये.

बोटांकडे बघा. नाडी चांगली असूनही एखादं बोट जांभळं-निळं पडलं तर दगडाचा चुरा खाली गेला आहे. लगेच सांगा. लघवी किती झाली ते लिहून ठेवा. क्रिएटिनिन ४८ ते ७२ तासांनी पुन्हा तपासायचं असतं, आणि पेशंट बऱ्याचदा त्याआधीच घरी गेलेला असतो, म्हणून ती तपासणी गावातल्या लॅबमध्ये करून रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवायचं आधीच ठरवून घ्या.

पायरी ७: घरी

गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिनबरोबर क्लोपिडोग्रेल काही आठवडे ते महिने देतात. काही जणांना ॲस्पिरिनसोबत रिव्हारोक्सॅबान २.५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. २०२० च्या व्हॉयेजर चाचणीत त्याने पाय आणि हृदय दोन्हींचे धोके कमी झाले, रक्तस्रावाचा धोका मात्र थोडा वाढला. स्टॅटिन कायमची. कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून ती बंद करणारे बरेच असतात. तो नॉर्मल आला तो गोळीमुळे.

आठवड्यातून किमान तीन दिवस, अर्धा-अर्धा तास चालणं. पाय भरून आला की थांबायचं, मोकळा झाला की पुन्हा. मधुमेहींनी अनवाणी फिरू नये, अंगणातसुद्धा. पावलाखाली रोज आरसा धरून बघावं.

पहिल्या वर्षात साधारण १, ६ आणि १२ महिन्यांनी डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी), मग वर्षातून एकदा. स्टेंट अरुंद होऊ लागला तर तो बंद पडायच्या आत छोट्या बलूनने पुन्हा नीट करता येतो. पूर्ण बंद पडल्यावर काम दुपटीने अवघड होतं. त्यामुळे "दुखत नाही, मग कशाला जायचं" असं करू नका.

फाइलमध्ये प्रत्येक स्टेंटचं स्टिकर लावलेलं आहे का, ते डिस्चार्जच्या वेळी तपासा. सीडी आणि स्टेंटची मापं लिहिलेला कागद एकाच पिशवीत ठेवा. निघण्याआधी नर्सकडून पावलावरची नाडी कुठे लागते ते शिकून घ्या आणि तिथे पेनाने फुली मारून घ्या. रोज रात्री झोपताना घरातल्या कुणीतरी त्या फुलीवर दोन बोटं ठेवायची. काल लागत होती आणि आज लागत नसेल, किंवा पाय दुसऱ्यापेक्षा गार वाटला, तर सकाळची वाट न बघता फोन करायचा.